कमी भरलेले शिसे

मी, खाली सही करणारी, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, अविवाहित, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात मात्र ठिकाणावर नाही, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले आहे. त्यावरून कुणी कोर्टात माझ्या बुद्धीबद्दल शंका काढू नये. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तसा प्रयत्न झाला होता, तो कलम दोनमध्ये येईल. आधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. त्याची प्रत कुणाकडे निघाली तर ती रद्दी समजावी.

कलम १. घर आणि मागचे अंगण.

हे घर आमच्या वडिलांचे. त्यांच्या मागे ते दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, आणि माझ्या नावावर निम्मे निम्मे झाले. दादाने मरण्याआधी आपला हिस्सा बक्षीसपत्राने मला दिला. का दिला, हे सांगितल्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढं लिहायची गरज नसते." मला आहे.

दादा मागच्या अंगणात जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळायचा. पत्र्याची शेड, विटांची भट्टी आणि कामाला एकच माणूस. त्याला सगळे भट्टीवाला म्हणत. तो बॅटऱ्यांतल्या प्लेटा कोळशाबरोबर वितळवायचा, वर आलेली मळी काढायचा आणि खालचे शिसे साच्यात ओतून त्याच्या लाद्या पाडायचा. दादा प्लेटा तोलून द्यायचा आणि लाद्या तोलून घ्यायचा. मळी धरली तरी वजन दर वेळी कमी भरायचे.

"कुंपणच शेत खातंय," दादा एकदा जेवताना म्हणाला.

मी म्हटले, "दादा, प्लेटांवरचा लगदा म्हणजे नुसतं शिसं नव्हे. त्यात ऑक्सिजन असतो, गंधक असतं. भट्टीत ते वायू होऊन निघून जातात. तुला जे कमी भरतंय, त्यातलं बरंचसं शिसं कधी नव्हतंच."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं शिसंच. ते धुरातून वर जातं आणि आपल्याच डोक्यावर येऊन बसतं. दोरीवरचे कपडे झटकून बघ."

"तुझी शाळा शाळेत ठेव. हवेला कुठं वजन असतं?"

दुसऱ्या दिवशी त्याने फाटकापाशी, सगळ्या गल्लीसमोर, भट्टीवाल्याची पिशवी उलटी केली. त्यातून जेवणाचा डबा आणि एक टॉवेल पडला. दादाने तरीही त्याला चोर म्हटले आणि कामावरून काढले. भट्टीवाल्याने डबा उचलला, झाकण नीट बसवले आणि गेला.

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्याच आठवड्यात मी समीकरणे जुळवायला शिकवत होते. धड्यातलेच उदाहरण होते, मी मुद्दाम निवडले नव्हते: शिशाचा ऑक्साइड आणि कोळसा.

PbO + C → Pb + CO₂

डावीकडे ऑक्सिजनचा एक अणू, उजवीकडे दोन. पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी फळ्यापाशी आली आणि तिने उजवीकडचा तो बारीक दोनचा आकडा पुसून टाकला. "जुळलं!" वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी म्हणाले, "जुळलं खरं, पण आता हा वायू दुसराच झाला. तू साध्या वायूचा विषारी वायू केलास. तो खालचा आकडा म्हणजे पदार्थाचं पोट. हिशेब जुळत नाही म्हणून कुणाच्या पोटात हात घालायचा नाही. आकडा पुढे लावायचा." आणि लिहून दाखवले:

2PbO + C → 2Pb + CO₂

तास संपल्यावर भट्टीवाल्याची मुलगी मागे थांबली.

"बाई, माझ्या बाबांनी नाही ना हो घेतलं?"

"नाही. कुणीच घेतलं नाही."

"मग तुमच्या दादाला सांगा ना."

"सांगितलं."

"मग?"

मी फळा पुसायला घेतला. फळ्यावरच्या मुलीने जे केले तेच दादाने केले होते. दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून त्याने एका सरळ माणसाचा चोर केला. फरक एवढाच, की फळा पुसता येतो.

भट्टीवाल्याला पुन्हा कुणी कामावर घेतले नाही. त्याच्या पोटात कळा यायच्या. मनगटे लोंबायला लागली, हातात पेला धरवेना. लोक म्हणाले, दारू. तो थेंबाला शिवत नव्हता. शेवटी इस्पितळात झटके येऊन वारला. तिथल्या तपासणीत त्याच्या अंगात शिसे निघाले. चोरीचा माल मिळाला असेल तर तो एवढाच.

मी सरकारी कार्यालयात लेखी तक्रार केली. एक साहेब आले, दादाबरोबर चहा घेऊन गेले. त्यानंतर दादा माझ्याशी बोलेनासा झाला. भट्टीवर नवा माणूस आला आणि वजन त्याच्याही हाताखाली तेवढेच कमी भरू लागले. दादा ते बघत होता. भट्टीवाल्याला मात्र परत बोलावले नाही.

भट्टी बंद झाली ती छकुलीमुळे. छकुली म्हणजे दादाची धाकटी मुलगी. शेडच्या सावलीत खेळत वाढली. भिंतीचे पोपडे चाटायची, गोड लागतात म्हणायची. बोलायला उशिरा लागली आणि मग बोलता बोलता थांबायला लागली. आमचे घरचे डॉक्टर म्हणत, जंत आहेत. दोन वर्षे जंताचे औषध दिले. शेवटी मी तिला उचलून मोठ्या इस्पितळात नेले आणि रक्त तपासून आणले. अहवाल दादाच्या पुढ्यात ठेवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, पण शिशाचे चिन्ह तो ओळखत होता; लाद्यांवर तोच छाप मारायचा. त्याने हातोडा घेतला आणि भट्टी स्वतःच्या हाताने फोडली. मग ट्रकभर चांगली माती आणून अंगणावर पसरली. फुलझाडे लावली.

"झालं. संपलं एकदाचं," असे म्हणाला. त्या तक्रारीनंतर माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला.

वहिनीने त्या मातीत पालेभाजी लावली. मी ती उपटून टाकली. वहिनीने त्यावरून जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. ती गेली, तिच्याबद्दल माझ्या मनात आता किंतु नाही.

दादा अंथरुणाला खिळला तेव्हा खिडकीतून त्याला अंगण दिसायचे. एका दुपारी त्याने विचारले, "ते कमी भरलेलं शिसं... कुठं गेलं असेल गं सगळं?"

"कुठं जाणार दादा? इथंच आहे. मातीत, भिंतीत, तुझ्यात, माझ्यात. छकुलीत."

त्याने तोंड भिंतीकडे केले. दुसऱ्या दिवशी वकिलाला बोलावून हिस्सा माझ्या नावे केला. "तू तरी विकू नकोस," एवढेच म्हणाला.

म्हणून माझी आज्ञा अशी: हे घर व अंगण मी नगरपालिकेस देते, पुढील अटींवर. कुणीही इथे राहू नये. माझ्या ठेवीचा पहिला हिस्सा खर्चून अंगणातली माती खणून काढावी आणि जमिनीवर काँक्रीट घालावे. मुलांसाठी इथे काहीही उभारू नये. काढलेली माती अशा कचऱ्यासाठी असलेल्या जागीच जावी आणि ती तिथे पोचल्याची सही घ्यावी. "टाकली" एवढे उत्तर पुरेसे नाही. टाकली म्हणजे कुणाच्या तरी दारात टाकली. अटी मान्य नसतील तर घराला कुलूप राहू द्यावे.

कलम २. माझा पुतण्या.

दादाचा मुलगा, छकुलीचा थोरला भाऊ, याला मी काही देत नाही. तो भट्टीच्या काळात वसतिगृहात शिकायला होता, त्यामुळे धडधाकट आहे. त्याला ही जागा बालवाडी काढणाऱ्या एका माणसाला विकायची आहे. मी इस्पितळात असताना तो टाइप केलेले कागद आणि पेन घेऊन आला.

"आत्या, वरून मस्त हिरवळ लावू. कुणाला काय कळतंय?"

"छकुलीलाही कळलं नव्हतं."

"तू ना, मेल्यावरसुद्धा शिकवत बसशील."

मी सही केली नाही. पेन मात्र ठेवून घेतले, चांगले होते. ते त्याला परत द्यावे. त्याच्या बापाने भट्टी स्वतःच्या हाताने फोडली, हेही त्याला कुणीतरी सांगावे. त्याला वाटते ती सरकारने बंद केली.

कलम ३. छकुली.

छकुली आज चाळिशीला आली आहे. तिला आकडे येत नाहीत, रस्ता ओलांडता येत नाही, गाणी सगळी येतात. माझी उरलेली सर्व ठेव आणि निवृत्तिवेतनातून साठलेली शिल्लक तिच्या सांभाळासाठी आहे.

तिची पालक म्हणून मी भट्टीवाल्याच्या मुलीला नेमते. ती आता नळाची कामे करते. हातात कायम नळ पिळायचा पान्हा, म्हणून गावभर तिला पान्हेवाली म्हणतात. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती एका मोरीखाली आडवी झाली होती. तिथूनच बोलली.

"बाई, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

"घरात नको. तिला तुझ्याकडे ने."

"तुमच्या दादाची मुलगी? मी सांभाळू?"

"हो."

तिने पान्हा खाली ठेवला. मग ती बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "माझ्या बापाला चोर म्हणाला तो. मेला तरी एकदा माफी मागितली नाही."

"नाही मागितली. मीही त्याच्या वतीने मागणार नाही. तो हक्क मला नाही."

"मग मलाच का विचारता?"

"तुझ्या बापाला जे झालं तेच तिला झालंय. ते काय असतं, हे गावात फक्त तुला माहीत आहे."

ती लगेच हो म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात आली, अंगणाबाहेर फाटकापाशीच उभी राहिली आणि छकुलीला हाक मारली. दोघी बाजारात जाऊन आल्या. तेव्हापासून येते. हो अजूनही म्हणालेली नाही, पण तिने आपल्या घरी दुसरी खाट टाकली आहे. तिने पुढे नकार दिला तर तिला कुणी दोष देऊ नये. मग वकिलांनी चांगली संस्था शोधावी. पुतण्याकडे छकुलीला देऊ नये.

भट्टीवाला चोर नव्हता. हे मी माझ्या सहीने लिहून देत आहे. या कलमाची एक नक्कल पान्हेवालीला द्यावी, आणि तिची इच्छा असेल तर आमच्या गल्लीत लावावी.

कलम ४. तराजू.

काचेच्या पेटीतला तराजू माझा स्वतःचा आहे. शाळेने भंगारात काढला तेव्हा मी घेतला. तो माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंना द्यावा. मुलांना बंद बाटलीतली मेणबत्ती जळण्याआधी आणि विझल्यानंतर तोलून दाखवावी, नुसता नियम पाठ करून घेऊ नये. डावे पारडे जरा जड आहे.

कलम ५. देह.

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. मी आयुष्यभर त्या भट्टीला लागून असलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिले. शिसे हाडांत मुक्काम करते. त्यांनी माझी हाडे तपासावीत आणि आकडा त्या जंतवाल्या डॉक्टरांना कळवावा. ते हयात आहेत. अजून रुग्ण तपासतात.

कलम ६. छकुलीला कसे सांगावे.

दादा गेला तेव्हा वहिनीने तिला सांगितले, "बाबा बाहेरगावी गेलेत, येतील." छकुलीने फाटकापाशी खुर्ची नेली. वर्षानुवर्षे ती तिथे बसायची. पावसात भिजायची, जेवायला येत नसे, कुणाही पुरुषाची पावले वाजली की उठायची. वहिनीने मला शपथ घातली होती, म्हणून मी गप्प होते. वहिनी गेली त्या दिवशी मी छकुलीला जवळ बसवले आणि सांगितले, "आई मेली. बाबाही मेला. दोघं परत येणार नाहीत." ती दिवसभर रडली. मग खुर्ची आत घेऊन आली आणि पोटभर जेवली.

तेव्हा माझ्या बाबतीत कुणी गोड बोलू नये. आत्या गावाला गेली, झोपली, तारा झाली, यातले काहीही सांगू नये. झोपली म्हटले तर ती मला उठवत बसेल. महाविद्यालयाची गाडी येण्याआधी तिला आत आणावे आणि माझ्या हाताला हात लावू द्यावा. आत्या मेली, असे सरळ सांगावे. ती विचारेल, "कधी येणार?" तर "येणार नाही" म्हणावे. ती पुन्हा पुन्हा विचारेल. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यावे, आवाज न चढवता.

सही : (रसायनशास्त्र शिक्षिका, निवृत्त)

स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : नऊ मार्च

साक्षीदार म्हणून आम्ही खाली सह्या करतो. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाईंनी सर्व पाने आमच्यासमोर मोठ्याने वाचली आणि आमच्या देखत सही केली. शेवटचे कलम वाचताना त्यांनी छकुलीला खोलीबाहेर पाठवले नाही.

१. शाळेच्या ग्रंथपाल (सही)
२. कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही)