कोश्याच्या गंजात उकळलेलं मडगार्ड

२ मे २०१९, सकाळी ८
पुण्याहून मेव्हण्याचा, म्हणजे बायकोच्या, स्वातीच्या भावाचा, संजीवचा फोन. अकरा वर्षांनी. २६ तारखेला इथे आमच्याकडे मोहाडीला येतोय, त्याची डर्ट बाईक बघायला. बाईक जपानी, १९८४ची. तुमसरकडच्या खाणीतल्या एका इंजिनिअरकडून त्याने ती जुनीच घेतली होती आणि आंबागडच्या चढावर उडवायचा. २००८ साली पुण्याला गेला तेव्हा माझ्या ताब्यात देऊन गेला. जाण्याआधी पंगतीत मी त्याच्या नोकरीबद्दल दोन खऱ्या गोष्टी बोललो. त्या त्याला लागल्या. चूक कोणाची, हे लिहिण्याची गरज नाही.
स्वाती फोन ठेवल्यापासून गुणगुणतेय. म्हणाली, गाडीच्या निमित्तानं का होईना, भाऊ घरी येऊन राहिला, आता तुम्ही त्याले काही बोलू नका. मी कशाला बोलतो.

२ मे, दुपार
दुकानामागे जाऊन गाडी बघितली. लोखंड ठीक. पण पांढरं मडगार्ड आणि दोन्ही साइड कव्हरं हळदीच्या दुधासारखी पिवळी. गाडी छपरात ठेवीन असा मी शब्द दिला होता, आणि ठेवलीही होती. २०११च्या वादळात छप्परच उडालं, त्याला मी काय करणार. आणली तेव्हा पांढरीशुभ्र होती, मला पक्कं आठवतं. संजीव हे बघून आल्या पावली परत जाईल आणि स्वाती मला जन्मभर ऐकवेल.
निश्चय: दहा दिवसांत सगळं पांढरं. उरलेले दिवस आराम.

४ मे
कपड्याची पावडर, मग टूथपेस्ट. फरक पडला. स्वातीला दिसत नाही, तिचा चष्म्याचा नंबर बदलला असावा. घरातली टूथपेस्ट संपली.

७ मे
हर्षाने (आमची कन्या, बी.एस्सी. सेकंड इयर) मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. केस ब्लीच करायची क्रीम फासायची, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, उन्हात ठेवायचं. दर तासाला क्रीम पुन्हा सारखी करायची, वाळू द्यायची नाही. सोपं आहे. ऊन तर आपल्याकडे पंचेचाळीस डिग्री.
क्रीम ललिताबाईंच्या पार्लरमध्ये मिळाली. कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. घरगुती कामासाठी, असं मी गंभीरपणे सांगितलं.

८ मे, सायंकाळी ६
दुपारी एकला क्रीम लावून गच्चीवर ठेवलं. व्हिडिओवाला थंड देशातला. त्याचा एक तास म्हणजे आपली दहा मिनिटं, त्यामुळे काम पटकन आटोपणार होतं. जरा आडवा झालो. साडेचारला उठलो तर क्रीम वाळून पापडी झालेली. धुतल्यावर मडगार्ड जिथे गुंडाळलेल्या प्लॅस्टिकला सुरकुती तिथे पांढरं, बाकी पिवळं. चितळाच्या पाठीसारखं.
हर्षा म्हणाली, बाबा, झोपले नसते तर झालं असतं. आजकालच्या मुलांना प्रोसेस कळत नाही.

९ मे
बाजारात दोघांनी केसांबद्दल विचारलं. ललिताबाईंच्या पोटात काही राहत नाही.

१२ मे, पहाटे
सुचलं. उगाच परक्यांच्या नादी लागलो. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या कोसा, म्हणजे इकडचं रानरेशीम, पांढरा करण्यात गेल्या. कोसासुद्धा मुळात पिवळटच असतो. सोड्याच्या पाण्यात उकळायचा, पेरॉक्साइड घालायचं, दुधासारखा निघतो. मी स्वतः कधी उकळला नाही, साड्यांचं दुकान सांभाळतो. पण हात रक्तातून येतो.
हर्षा म्हणते की रेशीम वेगळं, प्लॅस्टिक वेगळं. फी मी भरतो, याची तिला आठवण करून दिली.

१४ मे
ताराचंदकडे गेलो. चाळीस वर्षं तो आमचा कोसा उकळतोय. म्हणाला, सेठ, कोसा उकळते, प्लॅस्टिक कायले उकळता, नरम पडन ना ते. एकाच धंद्यात आयुष्य घालवलं की माणसाची नजर आखूड होते. कोसा उकळायचं मोठं पातेलं, त्याचा गंज, मागितला, त्याने दिला. वरून म्हणाला, काही झालं तं माह्यं नाव नका घेजा.

१७ मे, सकाळी ११
यश! पाऊण तास उकळी. मडगार्ड वाकवून गंजात बसवलं, साइड कव्हरं कडेने लावली. झाकण किलकिलं करून पाहिलं तर पांढरं, अगदी कोश्याच्या ताग्यासारखं. स्वातीला ओरडून सांगितलं. ती पिठाचे हात घेऊन धावत आली, बघितलं आणि चक्क हसली. किती वर्षांनी माझ्या कामावर हसली. मला खरंच भरून आलं.
आता आमची घरची रीत. माल गंजातच थंड होऊ द्यायचा, दिवसभर झाकण काढायचं नाही, नाहीतर झळाळी जाते.

१७ मे, सायंकाळी ७
मडगार्ड गंजाच्या आकाराचं झालं आहे. गोल. साइड कव्हर म्हणजे दोन द्रोण.
रंगाबद्दल मात्र कोणी बोट ठेवू शकणार नाही.

२० मे
साड्यांच्या गठ्ठ्यांखाली तीन दिवस दाबून ठेवलं. थोडं सरळ झालं, मग मधोमध तडकलं. मी शांत आहे. पुण्या-मुंबईत असं प्लॅस्टिक सहज मिळत असेल.

२१ मे
मिळत नाही. संपूर्ण देशात मिळत नाही, असं नागपूरच्या स्पेअर पार्टवाल्याने फोनवर सांगितलं.

२५ मे
मडगार्ड तारेने बांधलं. पुढचं टोक आकाशाकडे आहे. कव्हर दोरीने. लांबून बघितलं तर स्पोर्टी वाटते. संजीवला आधी जेवायला बसवायचं आणि गाडी ऊन उतरल्यावर दाखवायची. स्वाती दोन दिवसांपासून त्याच्या आवडीच्या वड्यांच्या तयारीत आहे. तिला मडगार्डचं अजून सांगितलं नाही.

२६ मे, सायंकाळ
संजीव आला. केस पांढरे झालेत. जिजाजी म्हणून पाया पडला. स्वाती रडली. तो चपला काढायच्या आत, गाडी कुठं आहे, म्हणाला आणि थेट मागे गेला.
गाडीभोवती एक चक्कर मारली. तडकलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. रागावला नाही. रागावला असता तर मी उत्तर तयार ठेवलं होतं. हळूच म्हणाला, जिजाजी, हे प्लॅस्टिक तं मी घेतलं तेव्हाच पिवळं होतं, खाणीच्या उन्हानं. तसंच आवडत होतं मले.
जेवताना सांगितलं, गाडी इथंच ठेवाचा विचार होता, वर्षातून दोन-तीनदा येईन म्हटलं आंबागडवर चालवाले, ताईकडे राहीन. आता पुण्याले नेतो, तिकडं एक कारागीर आहे, पाहतो काही जमते का.
चारला टेम्पो आला. गाडी चढवून तो त्यातूनच गेला. राहणार होता दोन दिवस.
स्वाती टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभी होती. मग आत आली, त्याच्यासाठी काढलेली गादी परत गुंडाळली. मी मदतीला गेलो. म्हणाली, राहू द्या. थोड्या वेळाने म्हणाली, आता तो कायले येईन?
वड्या बऱ्याच उरल्या आहेत.