काचेला चव कळत नाही

प्रिय शकुंतला,

लग्नानंतर माहेरी पाठवलेल्या पत्रांत मी तुला 'सौ. शकुंतला हिस' असेच लिहीत असे. 'प्रिय' लिहिण्याचा मला संकोच वाटे. आज तो संकोच बाजूला ठेवून लिहितो आहे, कारण आज सकाळी आपल्या जुन्या गाडीच्या समोरच्या काचेवर पाणी उडाले. डॅशबोर्डावरील ते बटण अंगठ्याने दाबले आणि दोन्ही धारा उसळल्या! आनंद व्हावा अशी गोष्ट होती. मी मात्र बोनेट उघडे टाकून अंगणातल्या पायरीवर बसून राहिलो.

तुझे वर्षश्राद्ध जवळ आले आहे. ते अकोल्यास, तुझ्या आईंच्या घरी व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. आपल्याच गाडीने जावे असे मी ठरवले, आणि ठरवल्यावर ध्यानात आले की आता डाव्या आसनावर कोणीही नसेल. मग मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकने काचेवर चिखल उडवला तर पाणी कोण मारणार? म्हणून काचेवर पाणी उडवणारे ते बंद पडलेले वॉशर दुरुस्त करणे भाग होते.

'वॉशर' हा शब्द तू कधीच उच्चारला नाहीस. तुझ्या लेखी ती 'पिचकारी'. मी दर वेळी सुधारणा करावी आणि तू म्हणावेस, "बरं, वाशर. पन उडते तं पिचकारीसारखीच ना?"

जुन्या शहरातील तुझ्या माहेरच्या विहिरीवरून मी निघताना तांब्याने वॉशरची टाकी भरत असे, ते तुला आठवते का? ती विहीर खारी. पिण्यास नाही, डाळ शिजवण्यासही नाही. तू ओट्यावरून ओरडायचीस, "अहो, ते पानी नका भरू! आमच्या बादल्या पांढऱ्या होतात त्या पान्यानं!"

"पानी नव्हे, पाणी," मी म्हणालो होतो. "आणि काचेला चव कळत नाही, शकुंतला."

सारे हसले. तूही हसलीस. त्या वाक्याचा मला किती अभिमान वाटला होता!

पुढे एकदा काचेवरचा तेलकट थर निघेना, म्हणून तू कपड्यांच्या साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून त्या टाकीत ओतलास. मला न विचारता. त्यानंतर थोड्याच दिवसांत धारा बंद पडल्या. मी सुई घालून पाहिले, फुंकून पाहिले आणि निकाल देऊन टाकला: साबणाने तोंडे बुजली. तोही कोठे दिला? तुझ्या माहेरी, भर पंगतीत.

तेव्हापासून तुझ्या धाकट्या भावाला, बाळूला, आयता विषय मिळाला. आपली गाडी गल्लीत वळली की तो दारातूनच हाक देई, "आई, साबन लपव वं! शकूताई आली! भाऊजी, आज कोनाले आंघोळ घातली तिनं?" तू पदर तोंडाला लावून हसायचीस. ते हसू खरे होते का, शकुंतला? मी कधी पाहिले नाही. मी गाडीला कुलूप लावण्यात गुंतलेला असे.

आणि तू एकदाही भांडली नाहीस! प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईने भोक पाडलेस आणि ती दाराच्या कप्प्यात ठेवून दिलीस. "म्याच बिघडवलं ना, तं पानीबी मीच मारीन," इतकेच म्हणालीस. मग बोरगावचा धुरळा असो की काळ्या मातीचा राडा, मी गाडी हळू करावी आणि तू खिडकीतून अर्धी बाहेर वाकून तिरकी धार मारावीस. बांगड्या काचेवर वाजत. बाही कोपरापर्यंत भिजे. माझ्या समोरची काच स्वच्छ होई. तुझ्या समोरची तशीच मळकी राही. एवढ्या वर्षांत त्या मळक्या काचेतून तू काय पाहत होतीस?

आपल्या शेवटच्या फेरीत उतरते ऊन डोळ्यांवर येत होते आणि काचेवर धूळ होती. तू हात बाहेर काढलास, पण बाटली दाबण्याचे बळ तुझ्या हातात उरले नव्हते. पाणी बोनेटवर सांडले. मी म्हणालो, "जरा नीट." तुझ्या हातातले बळ कोठे गेले, असे मी विचारले नाही. "नीट" म्हणालो!

आता आजचे सांगतो. मी ती दोन्ही तोंडे काढली. आत पांढरे, दगडासारखे काहीतरी घट्ट बसले होते. नळीतही तेच. आपल्या झाडाचे लिंबू वाटीत पिळले आणि ती तोंडे त्यात बुडवली. रस फसफसला, शकुंतला. बारीक बुडबुडे वर येत राहिले.

साबणाचा थर चिकट असतो; तो लिंबात असा फसफसत नाही. फसफसतो तो चुन्याचा क्षार. खाऱ्या विहिरीचा. रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून ही परीक्षा मी आयुष्यभर फळ्यावर लिहून दाखवली आणि स्वतःच्या दारातील गाडीवर मात्र एकदाही केली नाही. करण्याची गरजच वाटली नाही. दोष कोणाचा, हे आधीच ठरले होते ना!

तुझ्या तेरवीला आई मला काय म्हणाल्या, ठाऊक आहे? माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लय भोळी होती माही शकू. गाडीतबी साबन टाकला होता तिनं." बाळूला हसू आणि रडू एकदमच आले. मी मान डोलावली. ज्या माउलीने तुला जन्म दिला, तिच्याजवळ तुझी आठवण म्हणून माझा खोटा निकाल राहिला आहे. बादल्या पांढऱ्या होतात हे ओळखणारी तू, आणि भोळी ठरलीस तूच!

टाकीत आता बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरले आहे. त्यात तुझ्या साबणाचा थोडा चुराही विरघळवला. तेलकट थर लगेच निघाला. तुझी युक्ती पहिल्या दिवसापासून बरोबर होती. डावीकडची धार मात्र छपरावरून जात होती. टाचणीने तिचे तोंड खाली वळवले. ती आता बरोबर तुझ्या आसनासमोर पडते.

तुझी बाटली कप्प्यातच आहे. ती मी काढणार नाही.

शकुंतला, वर्षश्राद्धाला पाने वाढली जातील तेव्हा, पहिला घास घेण्याआधी, बाळूच्या आणि सर्वांच्या देखत मी उभा राहीन. तेव्हा निकाल दिला होता तो पंगतीत. तो मागेही पंगतीतच घेईन. आईंना ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने सांगेन, आणि त्यांना कळेल अशाच शब्दांत सांगेन: "आई, शकूनं काईच बिघडवलं नव्हतं. चूक माही होती."

'माझी' नव्हे. 'माही'. तुला दिलेले हे वचन आहे.

तुझा,
मनोहर