मेन स्विचला हळदीकुंकू

लोणंद,
ता. ४ नोव्हेंबर १९७४

ती. स्व. यांचे चरणी,
सौ. मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. म्हैस व्यायली, रेडी झाली. बाजरी घरात आली. आत्याबाई जेवतात, पण थोडं. त्यांचं पुढे सांगते.

आधी दिव्यांचं. खंडेनवमीपासून घरातले दिवे लुकलुकतात. वाटलं, मालगाडी गेली की घर हादरतं, त्यानं होत असेल. पण गाडी नसतानाही माजघरातला बल्ब मंद होतो आणि पुन्हा भक्कन पेटतो. मेन स्विचच्या लोखंडी पेटीतून चरचर आवाज येतो. हल्ली मी तिकडे पाठ करून भाकरी थापत नाही. मला फार भीती वाटते.

त्यात आत्याबाई. मामंजींनी वीज आणली तेव्हापासून त्या दिवेलागणीला हातपाय धुतात, पेटीला हात लावतात आणि दिव्याला नमस्कार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. खंडेनवमीला तर नांगर-खुरप्यांबरोबर पेटीलाही ओलं हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, "आत्याबाई, वल्या हातानं नगा धरू." तर म्हणाल्या, "मग दिव्याला काय पारोशा हातानं शिवू व्हय गं?"

परवा त्यांनी पेटीला हात लावला आणि तो सुटेना. तोंडातून शब्दही फुटेना. मी चुलीजवळचं वाळकं लाकूड उचललं आणि त्यांच्या हातावर घातलं. दोनदा घातलं, तेव्हा त्या खाली पडल्या. सासूवर हात उचलणारी सून म्हणून मला काय म्हणायचं ते म्हणा. त्यांचा तळवा भाजला आहे, मनगट सुजलं आहे. डॉक्टरांनी पट्टी बांधली. जीव वाचला.

काल वायरमन बाळासो आला. त्यानं मेन बंद करून पेटी उघडली. आतला जोड सैल झाला होता, म्हणून दिवे लुकलुकत होते. जोड तापून तापून वायरचं रबर वितळलं आणि तार पेटीला टेकली. तो म्हणाला, "वैनी, फ्यूज धड असता तर तवाच उडाला असता. ह्यात काय घातलंय कुणी?"

मी अंबाड्यावर पदर ओढून घेतला. आत्याबाई अंथरुणातून म्हणाल्या, "मीच घातलंय बाबा. म्हातारीला काय कळतंय."

त्यांनी नाही घातलं. मी घातलं. नवरात्राआधी फ्यूज तीनदा उडाला आणि तुम्ही ठेवून गेलेली बारीक तार संपली. केसाएवढीच तार घालायची, हे तुम्ही मला बजावून सांगितलं होतं. पण आत्याबाई अंधारात बसून "ह्यांचा दिवा गेला" म्हणत रडायला लागल्या. मला ते बघवेना. मी अंबाड्यातला आकडा काढला आणि फ्यूजमध्ये बसवला. दिवा लागला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाल्या, "ल्योक लांब हाय, पर सून हाय माझी." आणि मी खुशाल मिरवले.

मामंजी गेल्यापासून आत्याबाईंनी केसांत आकडा घातलेला नाही. बाळासोला कळलं असणार. त्यांना तर सगळंच कळलं आहे. मला म्हणतात, "त्येला ल्हिवू नगंस. लांब हाय, जिवाला घोर लावून घील." त्यांचं न ऐकता लिहिते आहे.

मेन बंद आहे, कंदिलावर भागवतो. बाळासो म्हणतो, सगळी वायर जुनी झाली, काढायलाच हवी. आत्याबाई मामंजींच्या वायरीला हात लावू देत नाहीत. आजही पेटीला शिवायचं म्हणून पट्टी बांधलेला हात धुवायला निघाल्या होत्या. मी दारात आडवी उभी राहिले. रोज किती दिवस उभी राहू?

माझ्यावर रागवा, पण आत्याबाईंना दोन ओळी लिहा. तुमचं त्या ऐकतील.

काळा पडलेला आकडा पाकिटात घातला आहे. घरात ठेवायची भीती वाटते आणि टाकून द्यायचा धीर होत नाही.

तुम्ही अजून म्हणत असाल तर तुमचीच,
सौ. मुक्ता