तेच हृदय, परत जागेवर

श्रूजबरी

ती. आई, तुला नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. आधी खुर्चीत बस. मी आता बरा आहे.

माझ्या हृदयात कॅन्सरची गाठ होती. अगदी मागे, हात पोचणार नाही अशा जागी. सर्जनबाईंनी हृदयच बाहेर काढलं, गाठ कापली आणि तेच हृदय परत जागेवर शिवलं. तेवढा वेळ मी मशीनवर होतो.

तुझी सून म्हणते, "बाहेर काढलंच होतं, तर थोडा हट्टही कापायला सांगायचा!"

अजून केमो घ्यायचीय, त्यामुळे दिवाळीला मी येत नाही. तूच ये. तुझा गुडघा कसा आहे?

काल अनिकानं जपून माझ्या छातीला कान लावला. "सेम साउंड, बाबा," म्हणाली आणि तशीच झोपली. मी हललोच नाही.

तुझाच,
देवांग