सातवा एबरहार्ड

ओबरवाइलबाख,
शनिवार, जिना झाडून झाल्यावर

प्रिय हार्डी,

आधी हिशेब, मग क्षेमकुशल. एबरहार्ड या नावापायी मला आजवर काय काय मोजावं लागलं ते काल दुपारी बसून मांडलं. पुढचा एक दात (तिसरीत, माझं नाव पुकारलं की डुकराचा आवाज काढणाऱ्या पोरापायी, त्याचे दोन गेले). एक नाच (ट्राउडेच्या आधीची मुलगी. माझं नाव ऐकून ती जी हसत सुटली, ती गाणं संपेपर्यंत). आणि एक चुलतभाऊ. दात सोन्याचा बसवला. नाचाची भरपाई ट्राउडेने एकेचाळीस वर्षं संसार करून केली. चुलतभावाची जागा तेवढी तशीच राहिली आहे.

आता क्षेमकुशल. तुझ्या खुब्यात लोखंड बसवल्याचं भाची हिल्डेकडून कळलं. ऐकून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं, कारण नावातला ‘हार्ड’ म्हणजे कणखर, आणि तो तुझ्या बाबतीत चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना खरा ठरला. तू गाव सोडलंस तेव्हा आपल्या दोघांना मिळालेल्या आजोबांच्या नावाची वाटणी करून गेलास, हे मी विसरलेलो नाही. मागचा अर्धा भाग घेऊन हार्डी झालास आणि पुढचा ‘एबर’, म्हणजे नर डुक्कर, माझ्याकडे ठेवलास. वाटणीत कोणाला काय आलं याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. (ट्राउडे असती तर इथे खोकली असती.)

माझी प्रकृती उत्तम. गुडघे छपरावर चढण्याजोगे राहिले नाहीत, पण कान जसेच्या तसे आहेत. उसन्या शिडीवर सुरू केलेला छपरांचा धंदा अकरा माणसांपर्यंत नेला तो कौलांच्या जोरावर, असं लोक समजतात. खरं म्हणजे कानांच्या जोरावर. छपरावर बसलेल्या माणसाला धुराड्यातून सगळं घर ऐकू येतं. कोणाकडे लग्न ठरतंय, कोण वरचा मजला चढवणार, कोण शेजाऱ्याच्या कौलांवर जळतोय. खाली उतरेपर्यंत माझं बोलणं तयार असायचं. गावातलं निम्मं मला धुराड्यातून कळलं, आणि त्यातलं निम्मं मी कोणाला सांगितलेलं नाही. ते असो.

आता धंदा विकला, ट्राउडे जाऊन तीन वर्षं झाली, आणि मी चर्चमागच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावर बेत्स म्हातारी होती. जिना झाडायची पाळी ज्याची, पाटी त्याच्या दाराला: एक आठवडा तिच्या, एक आठवडा माझ्या. म्हातारीही दोन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेली आणि वरचं घर तसंच बंद आहे. पण नियम तो नियम. माझा आठवडा संपला की मी पाटी वर नेऊन तिच्या दाराला लावतो आणि त्या आठवड्यात झाडूला हात लावत नाही. जिन्यावर पानं साठतात, मला बेत्सबाईंचा राग येतो, येताजाता मी दोन शब्द पुटपुटतो. तेवढाच इमारतीत आवाज.

अशाच एका तिच्या आठवड्यात, करण्यासारखं काही नाही म्हणून, नगरपालिकेच्या ग्रंथालयात गेलो आणि आपल्या नावाचं पुस्तक मागितलं. हार्डी, आपण समजत होतो तसलं हे नाव नव्हे. आपले रानटी पूर्वज शिरस्त्राणावर रानडुकराची मूर्ती बसवून लढाईला जात, म्हणजे ज्या प्राण्यावरून माझा दात गेला त्याला ती माणसं डोक्यावर घेत होती. मूल झालं की दोन शब्द जोडून नाव करायचे, बरेचदा एक तुकडा एका नातेवाइकाचा, दुसरा दुसऱ्याचा. जोडून अर्थ लागलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. आपल्या नावाचा लागतो, हे नशीब. बाम्बेर्गचा पहिला बिशप एबरहार्ड. आपल्या व्युर्टेम्बेर्गचे सरदार तर ओळीने एबरहार्ड: एक कीर्तिमान, त्याच्यामागून एक ‘भांडकुदळ’ (इतिहासात याच नावाने नोंदलेला आहे, ट्राउडेला हे कळायला हवं होतं), मग एक मवाळ, आणि पुढे तो दाढीवाला. या दाढीवाल्याचा एक चुलतभाऊ होता, त्याचंही नाव एबरहार्ड. एक थोरला, एक धाकटा. दोघांत मुलुखाचे दोन तुकडे. शेवटी म्युन्सिंगेनला बसून करार केला आणि मुलूख एक झाला. थोरल्याच्या हाताखाली, हे जाता जाता नमूद करतो. तुझ्यापेक्षा मी अकरा दिवसांनी थोरला आहे याचा त्याच्याशी संबंध जोडायचा की नाही ते तू ठरव.

आणखी एक एबरहार्ड होता, अकराशे वर्षांपूर्वीचा, फ्रांकोनियाचा सरदार. त्याचा भाऊ राजा होता. मरताना राजाने त्याला सांगितलं, मुकुट आपल्या घरात राहायचा नाही, तो तू स्वतःच्या हातांनी आपल्या वैऱ्याला नेऊन दे. आणि त्याने नेऊन दिला. हे पान मी तीनदा वाचलं. त्याबद्दल सध्या काही लिहीत नाही.

तर असं नाव, आणि गावात आज बारशाला गेलं तर पाळण्यात एकही एबरहार्ड सापडणार नाही. म्हणून मी मंडळ काढायचं ठरवलं. ओबरवाइलबाखमध्ये ससे पाळणाऱ्यांचं मंडळ आहे, झांजा वाजवणाऱ्यांचं आहे, झांजांचा त्रास होणाऱ्यांचंही आहे. एबरहार्डांचं का नसावं? मंडळाची रीतसर नोंदणी करायला कायद्याने सात सभासद लागतात. सात एबरहार्ड म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटून मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आपल्या मुलखाबाहेरचा माणूस करणार नाही. जाहिरातीचा दर ओळीवर असतो. ‘एबरहार्डांचा’ हा शब्द पूर्ण लिहिला की चौथी ओळ सुरू होत होती, एका शब्दासाठी. पै पै मोजणारा कोणता श्वाबियन माणूस हे सहन करील? तूही केलं नसतंस. मी शब्द छाटला. छापून आलं ते असं: ‘सर्व एबरांचा मेळावा. शनिवार दुपारी तीन, ‘कोकरू’ खानावळ. वंशावळ असल्यास सोबत आणावी.’

तीन वाजता ‘कोकरू’च्या अंगणात गाड्यांना जागा उरली नाही. मोठी खोली भरली, बेचाळीस माणसं मी स्वतः मोजली, एकही खुर्ची रिकामी नव्हती. मालकीण गुड्रुन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “एबरहार्ड, तुझे पाहुणे बूट पुसून आत येत नाहीत. आणि सगळ्यांना एकच वास कसा?” मी म्हणालो, एका नावाची माणसं आहेत, काही साम्य असणारच. मग उभा राहून भाषण सुरू केलं. आपलं कूळ किती जुनं, आपला दरारा किती, राजेरजवाडे आपल्यातले. माना डोलत होत्या. पुढच्या रांगेतला मुचलर, लाल मानेचा, हात वर करून म्हणाला, “ते सगळं ठीक. वजन किती?”

मला वाटलं, नावाचं वजन विचारतोय. म्हणालो, “वजनच विचाराल तर अकराशे वर्षांचं.”

“मग म्हातारं झालं,” मुचलर म्हणाला. “त्यापासून पिल्लं काय होणार?”

मागून दुसरा ओरडला, “आधी दाखव तरी. भाषण कसलं देतोस? माझ्या गाभण माद्या घरी एकट्या आहेत.”

तेव्हा कुठे मला गाड्यांच्या मागच्या जाळ्या दिसल्या, आणि जवळजवळ सगळ्यांच्या हातांतल्या वंशावळी दिसल्या, शिक्क्यासह. आपल्या कुटुंबात आजोबांच्या मागे कोणाचं नाव ठाऊक नाही, आणि या डुकरं पाळणाऱ्यांकडे डुकराच्या पणजीचं जन्मगाव लिहिलेलं होतं.

मी कबूल करतो, पाच मिनिटं वाईट गेली. पण या माणसाने भर वाऱ्यात चर्चचं छप्पर उतरवलेलं आहे. मी सगळ्यांना मसूर, श्पेत्स्लेच्या शेवया आणि सॉसेज सांगितलं (सॉसेजबद्दल कोणाची हरकत नव्हती), आणि जेवण होईपर्यंत सगळे हसायला लागले होते. मुचलर तर पाठीवर थाप मारून म्हणाला, “अरे, एबरहार्डच हवा होता तर आधी बोलायचंस. आमच्याकडेही एक आहे. लिहून घे त्याचं नाव.” मी लिहून घेतलं. इतक्या गर्दीत खरे आपले लोकही आलेच होते. संध्याकाळपर्यंत वहीत सहा नावं झाली: मी, निवृत्त टपालवाले एबरहार्ड कुर्ट्स, चर्चचं घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ, केक घेऊन आलेल्या एक बाई, वरच्या गावचा एक, आणि मुचलरकडचा. सहा, शाईने.

म्हणजे सातव्या जागेचाच प्रश्न आहे, आणि ती भरायला अडचण नाही, लोक विचारत असतात. पण सातवा घरातला असावा असं सभासदांचं मत पडलं. तुझा जन्मदाखला अजून एबरहार्ड म्हणतो, तू स्वतःला काही म्हणव. पुढच्या शनिवारी तीन वाजता ‘कोकरू’त पहिली बैठक आहे. मोठी खोली सांगितली आहे. आजोबांचा झाकणाचा बिअरचा पेला मी टेबलाच्या मधोमध ठेवणार आहे, तो थोरल्याकडे असतो हे सर्वांना माहीत आहेच, त्यावर पुन्हा बोलण्याची गरज नाही. स्टेशनपासून चढ आहे. खुबा सांभाळून ये. आलास तर सहा जणांना बरं वाटेल. नाही आलास तरी मंडळ अडणार नाही.

तुझा,
थोरला एबर

ता. क. — वहीबद्दल थोडी दुरुस्ती. कुर्ट्स एक्याण्णव वर्षांचे, ईस्टरला लेकीकडे हाम्बुर्गला गेले, आता परत येत नाहीत. घड्याळवाल्यांना ऐकू कमी येतं. त्यांचं नाव एरहार्ड निघालं. त्यातला ‘एर’ म्हणजे मान, डुकराचा काही संबंध नाही, आणि हे कळल्यावर झालेला आनंद त्यांना लपवता आला असता तर बरं झालं असतं. केकवाल्या बाईंचं ते आडनाव आहे, शेवटी एक जादा अक्षर लावून. वरच्या गावच्या माणसाने जेवणाची पावती समजून सही केली. आणि मुचलरचा एबरहार्ड जाळीच्या गाडीत बसला होता. वजन तीनशे दहा किलो. स्वभावाने सगळ्यांत मवाळ तोच.

ता. क. दुसरा — पेल्याबद्दल. आजोबांच्या दफनानंतरच्या जेवणातून मी तो कोटाखाली घालून नेला, तेव्हा तू दारापाशी एवढंच म्हणालास, “तो मला द्यायचा होता त्यांना.” मी म्हणालो, “कोणी सांगितलं? कोणी ऐकलंय?” त्यानंतर एकतीस वर्षं तू बोललेला नाहीस. हार्डी, मी ऐकलं होतं. आदल्या वर्षी त्यांचीच कौलं बदलत होतो. खाली ते तुझ्या आईला सांगत होते: पेला धाकट्याला द्या, थोरला काय, त्याचं तो मिळवील. मला राग पेल्याचा नव्हता. त्यांना मी कधी विचारलं नाही, मिळवील म्हणजे कौतुक की आणखी काही. पेला घासून, फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. तू आलास तर मी स्टेशनवर घेऊन उभा राहीन, तो घ्यायला तुला चढ चढावा लागणार नाही. एकदाही त्यातून प्यालो नाही.

ता. क. तिसरा — गुड्रुनला मोठी खोली सांगितलेली नाही. खिडकीजवळचं टेबल आहे, दोन खुर्च्यांचं.