तुम्ही न पाहिलेला सामना

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मराठी तुम्हाला येत नव्हती, आणि जगात शिकण्यासारखं काही उरलंय असं तुम्हाला कधी वाटलंही नाही, म्हणून निर्धास्त लिहितोय.

मी पुण्याहून सिडनीला आलो तेव्हा आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. क्वेकर्स हिल या उपनगरातल्या एका घरात आम्ही सात जण राहायचो. कॉलेजात तुम्ही रेडिओ शिकवायचात. शिकवायचात म्हणजे काय, अमेरिकेत तीस वर्षं एकाच टीमच्या फुटबॉलची कॉमेंट्री केली, हे दर तासाला ऐकवायचात. त्या टीमने तुम्हाला काढून टाकलं, हे आम्ही इंटरनेटवर वाचलं. पहिल्याच आठवड्यात माझं वाचन तोडून तुम्ही वर्गासमोर म्हणालात, "या उच्चारांनी टॅक्सी बोलाव. रेडिओ तुझं काम नाही." वर्ग हसला. मीही हसलो.

तरी शनिवारी दुपारी सोबत मलाच न्यायचात. इथल्या हौशी संघांचे अमेरिकन फुटबॉलचे सामने तुम्ही एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर सांगायचात. पण तुमचे डोळे गेले होते, आणि ते कबूल करायची तुमच्यात धमक नव्हती. मी दुर्बिणीतून बघून कुजबुजायचो, "बावीस नंबर, डावीकडून." तुम्ही त्याचं महाकाव्य करायचात. "काय नजर आहे तुमची अजून!" स्टेशनची मॅनेजर म्हणायची, आणि तुम्ही बेशरमपणे मान डोलवायचात.

त्या शनिवारी बावीस नंबर पडतो आणि उठत नाही. तो प्लंबर होता, सामन्याआधी आमच्यासाठी कॉफी आणायचा. "सर, तो हलत नाहीये," मी म्हणतो. तुम्ही माइक झाकता. "लोकांना हे ऐकायचं नसतं." मग हात काढून गरजता, "उठला! हात उंचावून चालत निघाला!" समोर गवतावर ॲम्ब्युलन्स येते आहे.

सोमवारी त्याची बायको स्टेशनवर आली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही तो उठला म्हणालात, म्हणून मी घरीच थांबले. पोचले तोवर त्याला ऑपरेशनला नेलं होतं. तो आता चालणार नाही. आत जाताना मला शोधत होता, असं नर्स म्हणाली."

मॅनेजरने तुमच्याकडे पाहिलं. तीस वर्षं आवाजावर जगलेल्या माणसाने खाकरून सांगितलं, "माझा हा असिस्टंट चुकीचं बोलला. याचे उच्चार कळत नाहीत, मी काय करू?"

इतका क्षुद्र माणूस मी नंतर कुठे पाहिला नाही, असं लिहून थांबायचं होतं. पण त्या आठवड्यात तुम्ही मला शिफारसपत्र देणार होतात. मी त्या प्लंबरच्या पत्नीला म्हणालो, "सॉरी, माझंच चुकलं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि गेल्या. पत्र तुम्ही दिलंत. पहिली नोकरी मला त्यावरच लागली.

तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही. त्या बाईंचा शोधला तर सापडेल. मी शोधलेला नाही.