दही नव्हे, साबणच होता

शनिवार पेठ, कोल्हापूर
२ फेब्रुवारी १९७४

राजमान्य व्याही शिवमूर्तीअण्णा आणि विहीणबाई यांना शिवपुत्रचा शरणार्थ. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे ही बरी आहे, माझं पित्त तुमच्या चिठ्ठीपासून खवळलेलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? चंदगडच्या गारठ्यात पहाटे कट्ट्यावर बसत जाऊ नका. गारठ्याचं नाव निघालंच आहे, तर मुद्द्यावर येतो.

संक्रांतीला तिळगुळाबरोबर मी घरी केलेल्या, कपडे धुवायच्या पातळ साबणाची बाटली पाठवली होती. (शेंगतेलाचा. चरबीचा थेंब नाही.) आठव्या दिवशी चंदगडच्या गाडीचा कंडक्टर कृष्णात यानं ती भर स्टँडवर उंच धरून, "पावणं, तुमचं दही परत आलंय की!" अशी बोंब मारली. सोबत तुमची चिठ्ठी, की दही पोचलं, भाकरीबरोबर खाल्लं नाही. अक्काताईला म्हणे घरात ऐकावं लागलं, बापानं नासका माल पाठवला. व्याही, माझ्या साबणापायी लेकीला मान खाली घालावी लागली, हे कळल्यापासून मला घास गोड लागेना.

बरं, हातातली बाटली बघतो तर आरपार स्वच्छ! मला वाटलं, तुम्ही थट्टा केलीत. हिला वाटलं, माझे डोळे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बाटलीत पांढरा गोळा. (मग कृष्णातला विचारलं, तेव्हा कळलं की बाटली गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर बसून आली होती.) उन्हात ठेवली, स्वच्छ. गार पाण्याच्या माठात बुडवली, दही. असं सात वेळा केलं. आता मला सांगा, थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा विहीणबाई ते नासलं म्हणून टाकून देतात, की उन्हात ठेवतात? मग माझ्या साबणानंच काय घोडं मारलं?

मी चौथी नापास, कबूल. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचेची भांडी धुतली आणि धुताना कान उघडे ठेवले. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. (लेकीसारखंच म्हणा, एक पाय सासरी, एक माहेरी.) ऊब असली की तो पाण्यात मिसळून वागतो, गारठा पडला की आपल्याच भाऊबंदांत गठ्ठा करून बसतो. तेव्हा पाण्याचाच स्वभाव थोडा तेलाकडे झुकवायला हवा, असं माझ्या मनानं घेतलं. आधी रॉकेल घातलं. ते वर तरंगत राहिलं, आणि वासापायी हिनं माझं ताट दोन दिवस परसात वाढलं. मग सुताराकडून पॉलिशचं स्पिरिट आणलं. नुसत्या स्पिरिटात साबण गरम असताना विरघळला आणि निवताच खरवसासारखा थिजला. मी डोक्याला हात लावून बसलो. शेवटी तीन वाट्या पाणी आणि एक वाटी स्पिरिट असं जमवलं, आणि बाटली दिवसभर माठात राहूनही काचेसारखी लख्ख!

काल स्टँडवर गेलो. रसाच्या गाड्यावरून बर्फ घेतला, बादलीत बाटली पुरली, आणि चंदगडची गाडी सुटेपर्यंत कृष्णातला शेजारी उभा केला. अर्ध्या तासानं बाटली काढून, तिच्यामागे त्याचंच तिकीट धरून आकडा वाचायला लावला. त्यानं वाचला! सगळे उतारू गोळा झाले होते. "आयला, म्हातारं लई बेरकी हाय की!" असं तो त्याच स्टँडवर, त्याच आवाजात ओरडला. व्याही, बत्तीस वर्षांत मला कॉलेजात कुणी टाळी दिली नव्हती.

तीच बाटली सोबत आहे. कट्ट्यावर रात्रभर ठेवून सकाळी विहीणबाईंना दाखवावी, आणि अक्काताईच्या समोर दाखवावी, ही विनंती.

आपला, बाटलीइतकाच स्वच्छ मनाचा,
शिवपुत्र

ता.क. स्पिरिट आहे, बाटली चुलीजवळ नेऊ नये.

ता.क. पुन्हा गोठलाच, तर बाटली लगेच परत पाठवावी. मात्र बॉनेटवर नको, कृष्णातच्या हाती तर नकोच. घरच्या माणसाबरोबर पाठवावी. अक्काताई मोकळी असली तर तीच बरी. दिवाळीपासून आली नाही, हिनं शेंगाचटणी कुटून ठेवली आहे.

ता.क. साबण गोठला नाही, तरी बाटली परत पाठवावी.